चार बोटं वर

वासुदेवरावांनी डावा हात अंथरुणाला खिळलेल्या लेकीच्या, पद्माच्या पाठीखाली सरकवला, तिला अलगद उचललं आणि उजव्या हाताने खालचं ओलं फडकं ओढून काढलं. एरवी हे काम दोघांचं. पण बायको मनकर्णाबाई देवळात प्रवचनाला गेलेल्या, आणि लेकरू ओल्यात ठेवायचं तरी किती वेळ? कोरडं फडकं सारून त्यांनी तिला खाली ठेवलं, ओलं घेऊन मागच्या दारी बादलीत टाकलं. हात धुताना त्यांना नवल वाटलं. उचललं की पोरगी 'हळू जी बाबा, मेली मी!' म्हणून अख्खी आळी गोळा करायची. आज मात्र डोळे मिटून सोहं सोहं करत पडून होती. हूं नाही की चूं नाही.

"बाबा! कुठं हाय तुमी? या ना लवकर!"

ते धावत आत आले. पद्माचा चेहरा असा उजळला होता, की आजारी पडल्यापासून त्यांनी तो तसा पाहिलाच नव्हता.

"मी वर गेलती, बाबा! आपोआप! डोकं उशीवर होतं, पण मान ताणली तवा कळलं मले. बाकी सारी मी खाटेवरून वर. कोणी हात नाई लावला, काई नाई."

ही त्या प्रवचनाची करामत. महिनाभर महाराज देवळात श्वास साधला की आसनावरून अधांतरी उठणाऱ्या योग्यांच्या गोष्टी सांगत होते. मनकर्णाबाई रोज त्या गोष्टी पोरीच्या कानात ओतत. वासुदेवराव हिंगणघाटच्या कापसाच्या जिनिंगात कारकून. "आमच्या जिनात कापूस उडते, माणूस नाई उडत," असं ते कालच म्हणाले होते, आणि बायको दिवसभर फुगून बसली होती.

'अवं, मीच तं उचललं तुले,' हे त्यांच्या ओठांवर आलं आणि तिथेच अडकलं. ते खाटेच्या कडेला बसले. पाठीखाली हात घातला.

"पाठ खाजवून देऊ का, पद्मे?"

"द्या ना."

ते नखांनी खाजवू लागले. खांद्याच्या फऱ्यापर्यंत गेले. पद्मा वाट पाहत होती.

"खाजवा ना, बाबा."

वासुदेवरावांनी हात काढून घेतला. वर्ध्याच्या डॉक्टरांनी त्यांना एकट्याला व्हरांड्यात बोलावून सांगितलं होतं. मणक्याचा क्षय. नव्याने निघालेल्या सुयाही देऊन झाल्या. पाय गेले, आता बधिरपणा वर चढेल. छातीच्या वर आला की श्वासाचं काही खरं नाही. हे त्यांनी घरी सांगितलं नव्हतं. सांगणार कोणत्या तोंडाने?

मनकर्णाबाई आल्या. पोरीने सगळं सांगितलं तशी प्रसादाची वाटी त्यांच्या हातात तशीच राहिली. त्यांनी पद्माला छातीशी धरलं आणि हमसून हमसून रडल्या. आवाज ऐकून शेजारच्या देवकाबाई धावत आल्या.

"बाप्पा बाप्पा! खरंच का वं? माह्या आज्यानं पाह्यलता एक फकीर, गिरडच्या दर्ग्याच्या वाटेवर. नमाजाच्या चटईवरून हातभर वर! ज्याच्यावर कृपा व्हते त्याचंच शरीर हलकं व्हते माय." मग त्या वळल्या. "भाऊजी, तुमी तं असलं मानत नाई. तुमी पाह्यलं का?"

पद्मा बापाकडे बघत होती.

"पाह्यलं," वासुदेवराव म्हणाले.

"किती वर गेलती?"

"चार बोटं."

देवकाबाई खाटेच्या पाया पडून गेल्या. मनकर्णाबाई चुलीपाशी गेल्या, तसे वासुदेवराव मागोमाग गेले. आता लपवून चालणार नव्हतं. आज ना उद्या आळीची आळी हार-नारळ घेऊन येईल, आणि ही बाई आशेवर आशा लावत बसेल.

"आयक. तुले एक सांगाचं हाय. पोरीच्या पाठीले…"

"मले माहीत हाय."

"काय माहीत हाय?"

"परवा पाठीले, कमरेपाशी, विटेचा शेक देऊन राह्यली होती. फडकं सरकलं, इट तशीच लागली. हा एवढा फोड आला." त्या चुलीतलं लाकूड उगाच पुढेमागे करत होत्या. "पोरगी माह्याशी हासून बोलत होती. तिले पत्ताच नाई."

"आन् मले नाई सांगितलं?"

"तुमी तरी काय सांगितलं मले? वर्ध्याहून आले तईपासून धड जेवत नाई तुमी."

वासुदेवराव भिंतीला टेकले. म्हणाले, "मंग देवकाबाईसमोर काऊन गप्प राह्यली?"

"तुमी काऊन म्हटलं चार बोटं?"

दोघं रडली, आवाज बाहेर जाऊ न देता.

"आई! बाबा! या ना, पुन्हा व्हते का पाहू!"

मनकर्णाबाईंनी पदराने तोंड पुसलं, आधी स्वतःचं, मग नवऱ्याचं. दोघं खाटेच्या दोन बाजूंना उभी राहिली.

"डोये मीट," मनकर्णाबाई म्हणाल्या. "पक्के मीट. आन् नाम घे."

पद्माने डोळे मिटले. दोन्हीकडून हात आत सरकले.

"आई, गेली का मी वर?"

"गेली, माय."

पाठीखाली दोघांचे हात एकमेकांत अडकले होते. हातांना रग लागली तरी तिला खाली ठेवायचं दोघांच्याही जिवावर आलं होतं.