चार बदाम आणि वेल्डरकाका

पत्त्यांच्या पुस्तकाचं पान चाळीस: पोकरमध्ये चार बदाम जमले आणि पाचवा यायचा असेल, तर दबून खेळू नका. दणकून लावा. समोरचा घाबरून पत्ते टाकेल, म्हणजे डाव सोडेल. नाही टाकले, तर पाचव्या बदामाची आशा आहेच; पाच बदामांपुढे कुठलीही जोडी हरते.

एवढं वाचून मी विद्वान झालो आणि जेवणाच्या सुट्टीत वेल्डरकाकांसमोर बसलो. डाव नट-बोल्टचा; हरेल त्याने शनिवारी वर्कशॉप सांभाळायचं. शनिवारी लेकीची पोहण्याची शर्यत होती.

चार बदाम जमले. मी सगळे नट पुढे सारले. काका सात वर्षं एकच बंद पंखा दुरुस्त करत आहेत, हे तेव्हा लक्षात घ्यायला हवं होतं.

"टाका पत्ते, काका. कशाला उगाच?"

"का रे बाबा? दुर्रीची जोडी आहे की माझ्याकडे."

"एवढ्यावर?"

"जोडी ती जोडी."

पाचवा बदाम आलाच नाही.

पान एक्केचाळीस मी शनिवारी, रिकाम्या वर्कशॉपमध्ये वाचलं: जो कधीच पत्ते टाकत नाही, त्याच्यापुढे हा शहाणपणा करू नका.

तेवढ्यात लेकीचा फोन आला.

"बाबा, मी शेवटची आले. पण तुझे ते काका आले होते. सगळ्या पोरी बाहेर निघाल्या, तरी ते 'जिंकतेस, जिंकतेस' म्हणून ओरडतच होते."