पंधरा जोड्या

मंगळवारी सकाळी प्लेटा उघडल्या आणि मी लॅबमध्येच उडी मारली. कोळंबीला मारणाऱ्या विषाणूची सहा प्रथिनं, त्यांच्या पंधरा जोड्या, आणि पंधराही प्लेटांवर यीस्टचे पांढरे ठिपके! त्यांतलं कोण कोणाला चिकटतं हे येत्या सोमवारी समितीला दाखवता आलं नाही, तर माझा पीएच.डी.चा विषयच बंद होणार होता.

पद्धत तशी सोपी. यीस्टच्या पेशीत दोन प्रथिनं घालायची. ती एकमेकांना चिकटली, तरच यीस्ट आपलं हिस्टिडीन, म्हणजे वाढायला लागणारं एक अमिनो आम्ल, स्वतः बनवतं. प्लेटवरच्या खाण्यात ते मुद्दाम घालत नाहीत, त्यामुळे न जमलेल्या जोड्या उपाशी राहतात.

मग सोळावी प्लेट पाहिली आणि माझं तोंड उतरलं. तिच्यातल्या यीस्टमध्ये एकच प्रथिन होतं, जोडीदार नव्हता. ती कोरी राहायला हवी होती. तीही भरभरून वाढली होती.

"काका, खाण्यात काय काय घातलंत?" मी आत्मारामकाकांवर खेकसले. कॉलेजच्या लॅबचं हे खाणं बावीस वर्षं तेच शिजवतात.

"तुझ्या यादीत हिस्टिडीन लिहायचं राहिलेलं गो दिशा. मी घातलं. उपाशी वाढतील कशी ती?"

मी पाय आपटत व्हरांड्यात गेले. भाट्याच्या खाडीवरून वारा येत होता, त्यानेही राग निवेना. मग लाज वाटली. मी काकांना यादी दिली होती, कारण सांगितलंच नव्हतं. परत आले, फळ्यावर चित्र काढून सगळं समजावलं.

"म्हणजे मुद्दाम उपाशी मारायची?" काकांना ते मुळीच पटलं नाही. तरी त्याच दुपारी त्यांनी हिस्टिडीन न घालता नवं खाणं बनवून दिलं.

शनिवारी आम्ही दोघांनी मिळून प्लेटा उघडल्या. सोळावी कोरी. बाकीच्यांतही एकाच जोडीचे ठिपके, टपोरे.

काका हिरमुसले. "एकच? बाकी चौदा फुकट?"

"फुकट कसल्या! त्या कोऱ्या आहेत म्हणूनच ही एक खरी आहे, काका." मी आनंदाने ती प्लेट त्यांच्यापुढे नाचवली.

काकांनी एकेक प्लेट उजेडात धरून पाहिली. मग दार उघडून ते माझ्या गाईड मॅडमच्या खोलीकडे ओरडतच निघाले, "मॅडम, वाढली नाहीत! चौदा जोड्या वाढल्याच नाहीत!"