अनामिकेला चिकटलेलं लाकूड

दुसऱ्या भेटीत प्रितमनं मला ना साडी आणली, ना अत्तर. बाभळीचा हातभर तुकडा आणला, जुन्या पेपरात गुंडाळून. मी तिथंच वेडी झाले. तेव्हापासून आई मला भानावर ये म्हणतेय आणि मी काही येत नाही.

मी स्वरा. जालन्यात एका सीएच्या ऑफिसात काम करते आणि सुटीच्या दिवशी घरामागच्या शेडमध्ये छोट्या लेथवर, म्हणजे लाकूड गरगर फिरवून तासायच्या मशीनवर, लाकडाचे पेन बनवते. प्रितम अंकुशनगरला साखर कारखान्याच्या लॅबमध्ये आहे. त्याला माझं लेथ आवडतं. त्याच्या वडिलांना, वाटूरच्या धर्मराजमामांना, अजिबात नाही. पहिल्याच भेटीत ते म्हणाले, "मशीन हितंच राहू द्या. सून लाकडं तासून राह्यली म्हणून लोकं हसतील." मी चहाचा कप जरा जोरातच ठेवला.

आमच्याकडं साखरपुड्याला यादी लिहितात. कुणी काय करायचं, मुलीसोबत काय जायचं, सगळं कागदावर आणि वर कुंकू. यादीत लेथ आलं नाही तर ते कायमचं माहेरी. म्हणून मी ठरवलं, यादी त्या बाभळीच्या पेनानंच लिहायला लावायची. मग बघू कोण हसतं.

लाकूड तडकलेलं होतं, एका पेनाच्या वरच्या आणि खालच्या भागापुरते दोनच तुकडे निघाले. साखरपुड्याच्या सकाळी दोन्हींना आरपार भोकं पाडली. आता आत पितळी नळ्या चिकटवायच्या. नळी पॉलिश पेपरनं खरवडायची, झटकन धरणारा गोंद लावायचा आणि गोल फिरवत एका दमात आत सारायची. मध्ये थांबलं की नळी तिथंच अडकली म्हणून समजा. पहिली झकास बसली. दुसरी निम्मी आत गेली आणि दारात बोलेरोचा हॉर्न वाजला. अकराला येणारी वाटूरची मंडळी साडेनऊलाच हजर.

मी थांबले नाही. अंगठा आणि दोन बोटं गोंदानं बरबटली होती, म्हणून उरलेली नळी अनामिकेनं दाबली. नळी पूर्ण आत गेली. बोट मात्र लाकडालाच चिकटून राहिलं. मी डावखुरी, त्यामुळं अंगठीचं बोटही नेमकं तेच.

गोंद सुटावा म्हणून आईनं नेलपॉलिश रिमूव्हरची बाटली उपडी केली. थेंब नाही. ती रडवेली झाली आणि मला हसू आवरेना. शेवटी पदराखाली लाकूड लपवून मी पाटावर जाऊन बसले.

प्रितमनं अंगठी काढली. मी उजवा हात पुढं केला. "डावा, डावा," बायका म्हणाल्या. मी डावा काढला. प्रितम लाकडाकडं बघत राहिला, मग त्याचे खांदे हलायला लागले आणि आम्ही दोघंही सगळ्यांदेखत खिदळत सुटलो.

धर्मराजमामा उठले. आम्ही हसू आवरलं.

"हे आपल्या बैलगाडीच्या जुवाचं लाकूड न्हाई का?"

"हो बाबा. मीच नेल्तं," प्रितम म्हणाला.

मामांनी परातीत कोमट पाणी आणि साबण मागवला. माझा हात त्यात बुडवून लाकूड हळूहळू, अगदी बैलाच्या खुरातला काटा काढावा तसं सोडवलं. चांगली दहा मिनिटं गेली. बोट सुटलं, पण ते काही तुकडा खाली ठेवेनात. नखानं नळी ओढून पाहिली. मग बोलेरोच्या चावीनं. मग चक्क दातानं. नळी तसूभर हलली नाही.

"पक्कं काम हाय," ते म्हणाले. "काय केलंस?"

"नळी खरवडली, गोंद लावला आणि मध्ये थांबले नाही."

"आम्ही दारात आल्तो तरी?"

"तुम्ही आलात तरी."

मामांनी खिशातला साधा बॉलपेन काढला, यादीचा कागद मांडीवर ओढला आणि मोठ्यानं म्हणत पहिली ओळ लिहिली, "लेथ मशीन, एक. मुलीसंगं येईल." मध्येच वर पाहून विचारलं, "वजन किती हाय?"

"चाळीस किलो."

"मंग बोलेरोत बराबर बसंल. उचलायला मी येतो."

मला हसू फुटलं. मी प्रितमकडं पाहिलं, तोही बावळटासारखा हसत होता. अंगठी अजून त्याच्याच मुठीत आहे, हे शेवटी आईनंच आम्हाला सांगितलं.