खदूजाचं दार

"शुक्रवारी नेतो म्हटलं ना, आई! आज बुधवार. दोन दिवसांत काय आभाळ कोसळतंय?" मुख्तारनं किल्ली उचलली आणि गाडी घेऊन तो कामावर गेला.

सकाळीच मबरूकाला तिच्या मैत्रिणीच्या, खदूजाच्या लेकीचा, सालिहाचा फोन आला होता. "मावशी, आईनं अन्न सोडलंय. मधूनमधून तुझं नाव घेते."

खदूजा यंदा उन्हाळ्यात हट्टानं वाळवंटातल्या जुन्या घदामिस गावातल्या आपल्या घरी जाऊन राहिली होती. जुन्या गावची मातीची घरं गार. सगळ्यांनी ती सोडून सिमेंटच्या नव्या घरांत बिऱ्हाडं हलवली, त्याला तीस वर्षं झाली. नव्या गावात दोघींची घरं चारच रस्ते लांब होती; पण कुणी गाडीनं नेलं तरच भेट व्हायची. ईदला, नाहीतर कुणी गेलं-मेलं तर.

दुपारी सगळे झोपले तशी मबरूकानं अंगभर चादर लपेटली आणि बाहेर पडली. एकटी, पायी. एकाहत्तर वर्षांत पहिल्यांदा. वाटेत भिंतीच्या सावलीला दोनदा बसली. खजुराच्या बागा ओलांडून जुन्या गावात शिरली, तेव्हा छपरांखालच्या अंधाऱ्या गल्ल्यांत चिटपाखरू नव्हतं. स्वतःच्या जुन्या घराचं दार उघडून ती आत थंड जमिनीवर पडून राहिली. ऊन उतरल्यावर शिडीनं गच्चीवर चढली.

जुन्या गावात गल्ल्या पुरुषांच्या आणि गच्च्या बायकांच्या. सगळ्या गच्च्या एकमेकींना लागून. विस्तव मागायला, लेकीला स्थळ शोधायला, भांडायला, सगळं वरूनच. नवी नवरी होऊन आली त्याच आठवड्यात मबरूका नऊ गच्च्या ओलांडून खदूजाकडे पोचली होती, आणि मग रोजच.

आता गुडघे कुरकुरत होते. एकेक कठडा बसून, पाय टाकून ती ओलांडत गेली. आठवी गच्ची संपली आणि ती थबकली. नववं घर नव्हतंच. गेल्या हिवाळ्यातल्या पावसानं ते आत बसलं होतं. खाली मातीचा ढीग, त्यातून वर आलेले खजुराचे वासे.

पलीकडच्या गच्चीवर खदूजा गादीवर पडली होती. केवढीशी झाली होती!

"खदूजा!"

सालिहा दचकून उठली. खदूजानं मान वळवली, ओठ हलवले. सालिहानं वाकून ऐकलं आणि तोंडावर हात ठेवून हसली. "मावशी, ती म्हणते, उडी मार!"

"तिला सांग, आधी तू मारून दाखव!" मबरूका ओरडली. मग तिला रडू आलं.

आता गल्लीतूनच जायला हवं होतं. ती खाली उतरली, बाहेर आली. गारव्याला जुन्या गावात आलेले म्हातारे नमाज आटोपून भिंतीलगतच्या ओट्यांवर बसले होते. ती पुढे चालली, वळली, पुन्हा वळली. दारामागून दार, सगळी खजुराच्या फळ्यांची, सारखीच. त्या अंधारात तिच्या लक्षात आलं की खदूजाचं दार आपण कधी पाहिलेलंच नाही. तिच्या गच्चीवरची भेग न् भेग माहीत, चूल माहीत, बाळंतपणाची खोली माहीत. दार माहीत नाही.

ती ओट्यापाशी आली. म्हातारे बोलायचे थांबले.

"खदूजाचं घर कुठलं?" तिनं खाली बघत विचारलं.

"कोण गं तू?"

"तिची मैत्रीण."

एक म्हातारा काठी टेकत उठला. "कधीपासूनची?"

"पन्नासच्या वर वर्षं झाली."

कुणीही हसलं नाही. म्हातारा पुढे चालत गेला, एका दारावर काठी वाजवली आणि तिच्याकडे न बघता लगेच परत फिरला.

वर गेल्यावर खदूजानं तिचा हात चाचपला. "खालून आलीस? पुरुषांसारखी?"

"मग काय करू? तुझ्या शेजारचं घर पडलंय."

"चालतेस मात्र अजून उंटिणीसारखी. पायऱ्यांवर ऐकलं मी." त्या संध्याकाळी खदूजानं मबरूकाच्या हातून दोन खजूर खाल्ले.

सालिहानं त्याच रात्री मुख्तारला फोन करून कळवलं. शुक्रवारी तो न्यायला आला. मबरूकानं त्याला दारातूनच परत पाठवलं. "तू जा. मी इथंच आहे."

अकराव्या दिवशी पहाटे खदूजा गेली. सालिहाचे चुलते आले, शेजारचे म्हातारे आले. बायकांनी दफनाला जायची रीत नव्हती. जनाजा उचलला तेव्हा मबरूका उंबऱ्याशी उभी राहिली. गल्ली लगेच वळत होती. पांढरं कापड क्षणभर दिसलं आणि गेलं. पावलं मात्र बराच वेळ ऐकू येत होती.

"मावशी, आत ये," सालिहा म्हणाली.

चुलीशेजारी वाटीत शेळीचं दूध होतं. पहाटे खदूजासाठी कोमट करून ठेवलेलं. मबरूकानं वाटी उचलली, वरची साय बोटानं बाजूला केली आणि उभ्या उभ्या ते पिऊन टाकलं.