सदतीस अंशांवर

दादाच्या रक्ताची नळी लॅबमध्ये मीच आणली होती. आमचे बाबा पन्नाशीत आंधळे झाले, तेव्हा कारण शोधायच्या भानगडीत कोणी पडलं नाही. मी डोळ्याच्या पडद्यातल्या प्रथिनांवरच काम करते, म्हणून दादाला गळ घातली. तो शाळेची बस चालवायचा. "घे, तुझं समाधान होऊ दे," म्हणत त्याने बाही वर सारली.

जनुकात एकाच अक्षराचा फरक निघाला. तोच फरक घालून आम्ही प्रकाश टिपणारं प्रथिन बनवलं आणि निरोगी प्रथिनाशेजारी ठेवून हळूहळू तापवलं. निरोगी प्रथिनाची घडी, म्हणजे ज्या दुमडलेल्या आकारात ते काम करतं तो आकार, बराच वेळ टिकली. दादाचं सदतीस अंशांनाच ढासळू लागलं. म्हणजे अंगाच्या नेहमीच्या उबेत. त्याला काही लागायला नको, ताप यायला नको. नुसतं जगत राहूनच त्याच्या डोळ्यांतल्या पेशी मरत जाणार होत्या.

संध्याकाळी त्याच्या घरी गेले. वहिनी भाजी निवडत होती.

"समोरचं लख्ख दिसतं मला," दादा म्हणाला.

"समोरचं शेवटी जातं. आधी कडा जातात."

"बसला आरसे असतात."

"मग परवा फाटकाचा खांब कसा घासला?" वहिनीने मान वर न करता विचारलं.

मी टेबलावरचा पेला उचलला. "समोर बघ. पेला दिसला की सांग." त्याच्या कानाच्या रेषेत धरून मी तो सावकाश पुढे आणत गेले.

"आण की पुढे," तो म्हणत राहिला. "कुठेय?"

पेला जवळजवळ नाकासमोर आला होता. वहिनीचे हात थांबले.

सकाळी मी शाळेत सांगायला जाणार होते. दादा माझ्याआधीच पोचून किल्ल्या देऊन आला होता.

"औषध?" त्याने विचारलं.

"घडी सावरून धरेल असं काहीतरी शोधतोय. अजून नळीतच आहे सगळं."

"आणि तुझं रक्त?"

"तेच अक्षर."

मग तो हळूच म्हणाला, "पोरीचं?"

त्यांची पोर सात वर्षांची. वहिनी अजून तिचं रक्त काढू देत नाही. काल दिवेलागणीला पोर जिन्याखाली चेंडू शोधत होती. चेंडू तिच्या पावलाशेजारीच होता. ती हाताने फरशी चाचपत पुढे गेली. आम्ही तिघंही बघत होतो.