लाभ, दोन, तीन

“लाभ, दोन, तीन,” असं पुटपुटत गणपतने जाळीतले मासे काचेपलीकडे सोडले.

“काका, रुको. एक कुठे गेला?” मोनालीने मान वर केली. “तीन पाहिजे होते न?”

“तीनच आहेत, दीदी. पहिल्याले एक नाही म्हणत, लाभ म्हणतात. माझी आई मझौलीत, आमच्या गावी, धान्य मोजे तं अशीच. एक म्हटलं तं माप एकावरच अडते म्हणे.”

मोनाली हसली. माशांवर पीएचडी करणाऱ्या, हिंदी मुलखात वाढलेल्या या पोरीला मराठी घरात ऐकून समजे, बोलताना मात्र तिची गाडी अडखळे. गणपत तिच्या प्रयोगशाळेतला शिपाई. पाणी बदलायचं, मासे भरवायचे, हे त्याचं काम.

प्रयोग सोपा होता. लांब टाकीच्या एका टोकाला काचेआड एक मासा, दुसऱ्या टोकाला तीन, आणि मध्ये गप्पी माशाचं पिल्लू सोडायचं. ते जिकडे रेंगाळेल ती त्याची निवड. एक-दोन-तीनातला फरक पिल्लाला जन्मतःच उमगतो, चार आणि आठातला मात्र वाढता वाढता, तोही सोबत मिळाली तर, असं मोनाली सांगे. आज पाळी होती बरणीतल्या पिल्लाची. जन्मल्यापासून ते एकटंच ठेवलेलं. दुसरा मासा त्याने पाहिलाच नव्हता. त्याला भरवताना गणपत घरच्या गोष्टी सांगे. अंजनी, त्याची बायको, गेल्यावर ऐकायला तेवढंच उरलं होतं.

मुलगा विपुल आणि सून रोशनी दिवाळीला नागपूरला, तिच्या माहेरी गेले ते अजून तिथंच होते. विपुलला तिकडे नोकरी मिळत होती. “संध्याकाळी पक्कं सांगतो, बाबा,” असं तो सकाळी फोनवर म्हणाला होता. साठी बुद्धी नाठी म्हणतात ते उगाच नाही. गणपतने मनाशी ठरवलं, पिल्लू एकट्या माशाकडे गेलं तर विपुल परत येणार.

पिल्लू आधी हललंच नाही. मग हळूच एकट्याकडे सरकलं.

“बस, बस न बेटा तिथंच,” गणपत टाकीवर वाकला.

पिल्लू वळलं. सरळ दुसऱ्या टोकाला गेलं आणि तिघांच्या काचेला चिकटून राहिलं.

“देखा काका! कधी मासा पाहिला नाही, तरी याला समजलं!”

“समजते, दीदी. काहून नाही समजणार?”

गणपतला पिल्लाचा राग आला. रोज भरवलं कोणी याला? मग त्या रागाचीच लाज वाटली. अलीकडचा एकटा मासा काचेवर तोंड आपटत होता. गणपतने आधी त्याला जाळीत घेतलं आणि इतरांमध्ये नेऊन सोडलं.

महाराजपूरच्या घरी तो चूल पेटवत होता तेवढ्यात फोन वाजला.

“बाबा, इथंच राहू म्हणतो. रोशनीचे भाऊ, वहिन्या, सगळे आहेत. तुम्ही एकटे काय करून राहिले तिकडे? तुम्हीपण या.”

“पोराच्या सासुरवाडीत मी कसा राहू रे?”

“रागावले काय?”

“नाही रे. अच्छा आहे. भरल्या घराकडेच मन जाते माणसाचं. चलो, ठेवतो, भात टाकायचा आहे.”

पोरं गेली तरी भाताचं माप त्याने कमी केलं नव्हतं. रात्री तिघांच्या तीन वाट्या तांदूळ घालायचे, उरलेला भात सकाळी फोडणी देऊन खायचा, पण वाट्या तीनच. कमी घातल्या तर पोरं कायमची गेली हे आपणच कबूल केल्यासारखं होईल, असं त्याला वाटे.

त्याने डब्यात वाटी बुडवली, शिगोशिग भरली आणि पातेल्यात ओतली.

“लाभ.”

हात सवयीने पुन्हा डब्यात गेला. वाटी अर्धी भरली. मग ते तांदूळ त्याने परत सोडले, वाटीला चिकटलेले दाणे बोटाने झटकले आणि झाकण लावलं.

“एक,” तो म्हणाला.