शर्टाची सहा बटणं

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. स्पर्शगुरूंनी मास्तरांच्या हातांवर फुंकर घातली आणि कंपवाताने नऊ वर्षं थरथरणाऱ्या बोटांनी शर्टाची सहाही बटणं लावली. टाळ्यांनी छप्पर उडायचं तेवढं बाकी राहिलं.

"बघा!" स्पर्शगुरू गरजले. "हात कधी अधू नव्हतेच! बायको आंघोळ घालते, दाढी करते, बटणं लावते. सेवा करून करून तिनेच यांना पांगळं केलं. आजपासून गोळ्या बंद!"

पहिल्या रांगेत मास्तरांच्या बायकोच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याहून लागलं ते हे, की मास्तरांनी मान डोलावली. ज्याची नखं कापली, ज्याला घास भरवला, त्याने चारचौघांत मान डोलावली.

तिने घड्याळ बघितलं. साडेअकरा. साडेदहाची गोळी पाऊण तासाने लागू होते आणि पुढे दोन तास हात ऐकतात. म्हणून तर ती रोज याच वेळी त्यांना न्हाऊ घाली. साबण ते स्वतः लावत. बटणं मात्र घाईपायी तीच लावी. त्यांना जमतात का, हे तिने कधी बघितलंच नव्हतं.

दाराशी नोंदवहीवर नणंद बसली होती, गुरूंची जुनी भक्त. बायकोने वही ओढली. प्रत्येक रुग्णापुढे गोळीची वेळ होती. मास्तरांपुढे तर घरच्या न्हाणीघराच्या दारावर तिने लावलेला गोळ्या-आंघोळीचा तक्ता, शब्दन् शब्द.

"ताई, हे तुम्ही दिलंत?"

"दादाला उमेद यावी म्हणून गं, वहिनी..."

"मग गोळ्या बंद कशाला? गोळीवाचून घास घशात अडकला तर फुंकर घालायला तुम्ही येणार?"

वही तशीच घेऊन बायको मंचावर गेली आणि तिने माइक घेतला.

"दीडपर्यंत थांबा. मग यांना पुन्हा बटणं लावू द्या."

स्पर्शगुरूंना तेवढ्यात तातडीचं काम आठवलं. ते गेले, लोक थांबले. दीड वाजता मास्तरांचं पहिलंच बटण काजात जाईना.

"हात चालतो गोळीने," तिने वही उंच धरली. "तुमच्याही वेळा यात आहेत, बघून घ्या. चमत्कार दिसला की आधी घड्याळ बघा. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी थांबवू नका."

मग तिने मास्तरांना दुपारची गोळी दिली.

"चुकलं माझं," ते पुटपुटले.

"हो, चुकलं," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण पुसायला हात मोकळे नव्हते. त्यांच्या ओठाला तिने पाण्याचा पेला लावला होता. "उद्या सव्वाअकराला बटणं तुमची तुम्ही लावायची. मी नुसती बघणार."